सोडलेला लगाम

लग्न होऊन बेंगळुरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कोणीतरी तुपाचा रिकामा डबा बडवतंय अशा आवाजाने मी दचकून उठले. वाटलं, गल्लीत आग लागली किंवा चोर शिरला. यजमान शांतपणे दाढी करत होते. म्हणाले, "दफेदारअण्णा घोडीला खायला घालतायत."

"मग डबा कशाला बडवायचा?"

"घोडीला विचार."

मी साताऱ्याची. घोडा पाहिला नव्हता असं नाही, पण घोड्याला जेवताना बँड लागतो हे नव्याने कळत होतं. डोक्यावर पदर घेऊन मी मागच्या भिंतीवरून डोकावले. पलीकडच्या अंगणात एक उंच, वाळकासा म्हातारा धोतराचा काचा मारून उभा होता. पुढ्यात तांबूस घोडी तोबऱ्यात तोंड घालून हुलगे, म्हणजे इथली हुरळी, चघळत होती, आणि म्हातारा तिच्या डाव्या कानाशी डबा धरून लाकडाच्या चमच्याने तो बडवत होता. घोडीची पापणीही लवत नव्हती. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "घाबरू नको गे. आवाज झाला की हुरळी मिळते, एवढंच हिला ठाऊक. आवाजाला कोण भितं? आवाजानंतर काय होतंय त्याला भितात सगळे."

आमची ओळख झाली ती अशी. त्यानंतर मी त्यांच्यासाठी कायमची 'सातारकरीण' झाले.

त्यांचं खरं नाव नरसोजीराव. पण मागडी रस्त्याच्या त्या भागात हे नाव फक्त रेशनच्या दुकानात चालायचं. बाकी सगळ्यांचे ते दफेदारअण्णा. संस्थानच्या घोडदळात ते दफेदार होते. संस्थान गेलं, घोडदळ मोडलं, घोडे विकले गेले. त्या दिवसाबद्दल ते एकच गोष्ट सांगत. शेवटच्या कवायतीनंतर हुकूम झाला, उतरा आणि लगाम मोतद्दारांच्या हाती द्या. "उतरायला काही वाटलं नाही. लगाम देताना मात्र हात उघडेना." एवढं सांगून ते विषय बदलत. त्याच विक्रीत त्यांनी एक शिंगरू घरी आणलं. तीच ही गौरी. त्यांच्या पत्नी रुक्माक्का म्हणायच्या, "पेन्शन घेऊन लोक काशीला जातात. आमचे हे सवत घेऊन आले."

अण्णांसारख्या इथल्या मराठी मंडळींची घराणी तीनशे वर्षांपूर्वी फौजांबरोबर इकडे आली आणि इथलीच झाली. त्यांच्या मराठीला मी सुरुवातीला हसायची. 'जरा'ला 'स्वल्प', 'बरं'ला 'सरी'. नंतर माहेरी गेले तेव्हा माझ्याच तोंडून 'सरी सरी' निघालं आणि आईने कपाळाला हात लावला. पण या घराण्यांनी एक गोष्ट मात्र जशीच्या तशी जपली होती. विजयादशमीला सगळा समाज मिरवणुकीने राजाजीनगरच्या बाजूच्या माळावर जायचा. तिथे शमीचं जुनं झाड होतं. इथे त्याला बन्नी म्हणतात. झाडापुढे एका स्वाराने घोड्यावरून जुन्या ठासणीच्या बंदुकीचा बार काढायचा, आणि मगच लोकांनी बन्नीची पानं तोडायची. बार घोड्यावरूनच निघाला पाहिजे, आणि त्या वेळी लगाम सोडलेला पाहिजे. हा मान नरसोजीरावांच्या घराचा.

लगाम सोडलेला का, हे मी एकदा विचारलं. शौर्य, परंपरा असं काहीतरी ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा. अण्णा म्हणाले, "बंदूक लांब. तिला दोन हात लागतात. लगामाला तिसरा हात देवाने दिला नाही, दुसरं काय?" मग स्वल्प थांबून म्हणाले, "म्हणून घोडा असा पाहिजे, की लगाम मानेवर पडला तरी त्याला सोडून दिल्यासारखं वाटू नये."

ती बंदूक मी त्यांच्या ओसरीवर बसून अनेकदा पाहिली. अण्णा तिला 'म्हातारी' म्हणत. दस्त्याला पितळी पट्ट्या, आणि माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब नळी. परवाना चौकटीत घालून देवांच्या शेजारी टांगलेला. वरच्या खटक्याला गारगोटी बसवलेली असे. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी बाहेरच्या छोट्या वाटीतल्या दारूवर पडते. या दारूला रंजक म्हणायचं. रंजक भपकन उडते, आणि तिची आग एका बारीक छिद्रातून आत जाऊन नळीतली खरी दारू पेटवते. तो बार. ते छिद्र साफ करायला अण्णा रुक्माक्कांची शिवणाची सुई पळवत, आणि मग दोघांचं अर्धा दिवस वाजे.

"कधी कधी रंजक उडते आणि बार होत नाही," त्यांनी मला सांगितलं होतं. "नवखा माणूस बंदूक खाली घेतो आणि नळीत डोकावतो. त्याचं तेरावं आम्ही जेवतो. आग आत अडून बसलेली असते. केव्हाही येते. म्हणून बंदूक तशीच धरायची, आभाळाकडे. बार अजून आत आहे असंच समजायचं."

हे ते बंदुकीपुरतं ठेवत नसत. गल्लीत कोणाचं भांडण पेटलं, पहिल्या शिव्या होऊन क्षणभर शांतता झाली, की अण्णा मध्ये हात घालून म्हणायचे, "थांबा. बार अजून आत आहे." आणि खरंच, पुढचे शब्द नेहमी जास्त वाईट असत. मलाही याचा प्रसाद मिळालाय. शाळेत नोकरी करू देईन असं लग्नाआधी कबूल करून यजमान आईच्या धाकाने टाळाटाळ करायला लागले, तेव्हा मी ट्रंक भरली आणि बाशाचा जटका बोलावला. जटका म्हणजे इथला टांगा. बाशा आमच्या नाक्यावरचा जटकेवाला. गल्लीच्या तोंडाशी अण्णा गौरीला खरारा करत होते. घोड्याच्या तोंडापुढे हात धरून त्यांनी जटका थांबवला.

"कुठं गे?"

"साताऱ्याला. कायमची."

"नवऱ्याला बोललीस सगळं?"

"बोलले."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. गप्प बसला."

"मग स्वल्प थांब की. रंजक तुझी उडाली, त्याचा बार आत आहे. बघून तरी जा."

मी रागाने लाल होऊन जटक्यातच बसून राहिले. थोड्या वेळाने यजमान अनवाणी धावत आले आणि आख्ख्या गल्लीदेखत म्हणाले, "आईला सांगितलं. सोमवारपासून जा शाळेत." बाशाने भाडं घेतलं नाही, पण महिनाभर मला 'साताऱ्याची सवारी' म्हणून चिडवलं.

अण्णांचा स्वभाव गोड होता असं मात्र कोणी समजू नये. एकदा एक सिनेमा कंपनी ऐतिहासिक चित्रपटासाठी त्यांना घेऊन गेली. नायकाला घोड्यावरून बंदूक झाडायला शिकवायचं होतं. नायकाने लगाम दातात धरला आणि बंदूक घोड्याच्या दोन कानांच्या मधोमध रोखली. तशी म्हणे पडद्यावर शोभते. अण्णांनी विचारलं, "घोड्याला विचारलं?" दिग्दर्शकाला वाटलं विनोद आहे. अण्णांनी समजावून सांगितलं, बंदूक डाव्या अंगाला, मानेपासून दूर धरायची, नाहीतर रंजकीची आग जनावराच्या डोळ्यात जाते. दिग्दर्शक म्हणाला, कॅमेरा समोर आहे. अण्णांनी पागोटं उचललं, नायकाला म्हणाले, "छत्री छान धरता," आणि माळावरून पायी घरी आले. जेवणाच्या वेळी मात्र कुरकुरले, की शूटिंगचं जेवण फार चांगलं होतं.

गौरी गेली ती एका भाद्रपदात, गणपती नुकतेच बुडाले होते तेव्हा. पोटशूळ उठला आणि संध्याकाळपर्यंत खेळ आटोपला. अण्णा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याचा आवाज आला नाही आणि मला जाग आली. जो आवाज मला पहिल्या आठवड्यात नकोसा झाला होता, तो नाही म्हणून मी अंथरुणात बसून रडले.

दसरा तोंडावर होता. समाजाचे अध्यक्ष तुळजारामराव भेटायला आले. कापडाचे व्यापारी, मनाने वाईट नाहीत, पण भाषणाची भारी हौस. ते म्हणाले, "अण्णा, लग्नाच्या वरातीचा घोडा आणू. सजवलेला."

"तो बँडला सरावलेला आहे. बाराला नाही."

"मग लॉरीवर उभं राहून बार काढा. रोषणाई करू."

संध्याकाळी अण्णा नाक्यावर गेले आणि बाशाचा घोडा मागून आणला. त्याचं नाव सिकंदर. नाव सोडलं तर त्याच्यात राजेशाही काही नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात. बाशाच्या जनावरांचे खूर अण्णा वर्षानुवर्षं बघत, त्यामुळे बाशाला नाही म्हणता येईना. दुपारी जटक्याचं गिऱ्हाईक कमी, तेव्हा घोडा अण्णांकडे.

अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याची झापडं काढली आणि सिकंदर चळाचळा कापायला लागला. भिंत दिसली, कापला. कोंबडी दिसली, कापला. मी भिंतीवरून हसले आणि म्हणाले, "अण्णा, असला भित्रा घोडा?"

बाशाला ते लागलं. "भित्रा नै बाई! इसको बाजू का कुछ दिखताच नै था. अब सब एकदम दिख रा."

माझं हसू तिथेच थांबलं. आयुष्यभर फक्त समोरचा रस्ता पाहिलेल्या त्या जनावराला अण्णा हाताने धरून गल्लीभर हिंडवत, एकेक वस्तू दाखवत. "हा नळ. ही म्हैस. ही सातारकरीण, चावत नाही." डबाही सुरू झाला, आधी दूर, मग जवळ. आवाजाला सिकंदर लवकर सरावला. अडलं ते लगामापाशी. जटक्याचा घोडा, लगामाच्या ओढीवरच जगलेला. लगाम मानेवर टाकला की तो जागीच थिजायचा आणि अंगाला घाम फुटायचा, आणि तिथून सरळ नाक्याच्या दिशेने पळत सुटायचा. अण्णा दोनदा पडले. रुक्माक्कांनी हळद लावताना तोंडाचा पट्टा सोडला.

दसरा उजाडला. माळावर ही गर्दी. ताशे थांबले. अण्णा पांढरा अंगरखा घालून सिकंदरवर, म्हातारी हातात, नळी आभाळाकडे. त्यांनी लगाम मानेवर सोडला. सिकंदरचे कान मागे गेले आणि सगळं अंग थरथरलं. आम्हाला लांबूनही ते दिसलं. अण्णांनी बंदूक खांद्याला लावली, धरली आणि खाली घेतली. मग ते घोड्यावरून उतरले, लगाम बाशाच्या हाती दिला, दहा पावलं बाजूला जाऊन जमिनीवर उभं राहून बार काढला.

कोणी पानाला हात लावीना. बार खालून निघालेला पूर्वी कोणी पाहिला नव्हता. बायका एकमेकींना अपशकुन म्हणू लागल्या. तुळजारामरावांचा चेहरा पडला. "अण्णा, हे काय केलंत? मोडलीत रीत."

"घोडा तयार नव्हता."

"घोड्यासाठी समाजाचं वर्ष बिघडवलंत?"

"भ्यालेल्या जनावराच्या पाठीवर बसून कसला शकुन करायचा, रावसाहेब?"

तिथेच ठरलं. पुढच्या वर्षी घोड्यावरून बार निघाला तर निघाला, नाहीतर त्यापुढे लॉरी. आणि तो मान नरसोजीरावांच्या घराकडे राहणार नाही. अण्णा "सरी" म्हणाले. घरी येताना मात्र ते सिकंदरवर बसले नाहीत, त्याच्याबरोबर चालत आले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं.

ते वर्ष मी जवळून पाहिलं, कारण शाळेतून घरी येताना माझा रस्ता त्याच माळावरून होता. राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं. चुन्याच्या रेघांनी आखलेले प्लॉट, मधूनच एखादं नवं घर आणि बाकी मोकळं रान. त्या रेघांवरून अण्णा सिकंदरला चालवत. बंदूक नाही, डबा नाही, काही नाही. फक्त लगाम सोडून बसायचं. घोडा नाक्याकडे निघाला तर निघू द्यायचा. नाक्यावर पोचला की उतरून, गोंजारून, पुन्हा माळावर आणायचा. ना चाबूक, ना शिवी. मी एकदा म्हणाले, "अण्णा, हे शिकवणं कसलं? तुम्ही तर नुसते बसलेले असता."

"मीच शिकतोय गे," ते म्हणाले. "लगाम सोडला तरी बोटं मिटलेलीच राहतात माझी. त्याला ते पाठीवरून कळतं."

घोडदळाच्या शेवटच्या कवायतीची गोष्ट तेव्हा मला उमगली.

पावसाळा संपता संपता एका दुपारी पाहिलं, तर लगाम मानेवर लोळतोय, अण्णांचे दोन्ही हात मांडीवर उघडे, आणि सिकंदर चुन्याच्या रेघेवरून आपल्याच नादात चालतोय. एक कान पुढे, एक मागे अण्णांकडे. मी पिशवी खाली ठेवून तिथेच उभी राहिले. घरी उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळपासून बारीक भुरभुर होती. अण्णांनी चापाभोवती मेणकापड गुंडाळलं होतं. वेळेवर बार निघता तर काही अडचण नव्हती. पण गेल्या वर्षीचा अपशकुन धुऊन काढायचा म्हणून तुळजारामरावांनी लांबलचक भाषण तयार केलं होतं. आमचे पूर्वज, त्यांची तलवार, त्यांचे घोडे. पूर्वजांच्या दुसऱ्या पिढीपर्यंत ते आले तेव्हा मी अण्णांकडे पाहिलं. मेणकापड सोडून, बंदूक सज्ज करून ते कधीचे बसले होते. थेंब नळीवरून ओघळत होते. रुक्माक्का माझ्या कानाशी कुजबुजल्या, "या मेल्याला कोणीतरी गप्प करा गे, दारू भिजतेय."

एकदाचं भाषण संपलं. अण्णांनी लगाम सोडला. सिकंदर हलला नाही. त्यांनी बंदूक डाव्या अंगाला, आभाळाकडे धरली आणि चाप ओढला. खट झालं, रंजक भपकन उडाली, पांढऱ्या धुराचा पुंजका वर गेला.

आणि बार झाला नाही.

गर्दीतून हुंदक्यासारखा आवाज निघाला. "फुसका," कोणीतरी म्हणालं. तुळजारामरावांनी डोळे मिटून हात झटकले आणि पाठ फिरवली. ताशेवाले काठ्या काखेत मारू लागले. अण्णा तसेच होते. बंदूक खांद्याला, नळी वर, नजर वर. लगाम सिकंदरच्या ओल्या मानेवर पडलेला. दुसरा कोणताही घोडा एव्हाना हलला असता, कारण त्याच्या पाठीवरचा माणूस दगड झाला होता आणि समोरची माणसं उठून चालली होती. सिकंदरने फक्त एक कान मागे वळवला. मी यजमानांचा हात घट्ट धरून मनातल्या मनात ओरडत होते, थांबा हो, बार अजून आत आहे.

आणि तो आला. धाडकन. शमीवरचे कावळे उडाले, मुलं किंचाळली, तुळजारामरावांचं पागोटं चिखलात पडलं. माळावरचा एकूण एक माणूस दचकला. हलला नाही तो फक्त घोडा.

धूर विरला तेव्हा अण्णा पुढे वाकून त्याच्या मानेवर कपाळ टेकून बसले होते. खांदे गदगदत होते. बाशा दोन्ही हात वर करून ओरडत होता, "मेरा सिकंदर! मेरा सिकंदर!" तुळजारामरावांनी पागोटं उचललं, झटकलं, आणि पहिलं पान तोडून ते झाडाखालच्या देवाला न वाहता आधी घोड्याच्या कपाळपट्टीत खोवलं. त्या माणसाला मी त्या दिवसापासून माफ केलं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, हात लोंबू लागला. म्हातारी खुंटीवर राहिली. दसऱ्याला लॉरी आली, फटाकेही आले; रीत कोणासाठी थांबत नाही. रुक्माक्का त्यांना भरवत, आणि पूर्वीसारखंच बोलत असत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शाळा सुटल्यावर, राजाजीनगरच्या नव्या रस्त्यावर. तोवर तिथे बस सुरू झाली होती, घरं उभी राहिली होती, चुन्याच्या रेघा घरांखाली गेल्या होत्या. मागून बाशाचा जटका येत होता. सिकंदरच्या डोळ्यांवर झापडं नव्हती. बाशाने ती पुन्हा कधी घातलीच नाहीत. बसचा भोंगा वाजला तरी त्याचं लक्ष नव्हतं. पुढच्या फळीवर, हाकणाऱ्याच्या जागी, अण्णा बसले होते. पडू नयेत म्हणून कमरेला पंचा बांधलेला. लगाम त्यांच्या मांडीवर होता, आणि त्यावर त्यांचा निकामी हात उघडा पडलेला. बाशा मागे, गिऱ्हाइकाच्या जागी, विडी ओढत बसला होता.

"बाशा, अरे हाकतंय कोण?" मी घाबरून विचारलं.

"मेरेकू क्या मालूम बाई? मैं तो सवारी हूँ."

अण्णांनी माझ्याकडे मान वळवली. अर्धं तोंड हसलं. "काय गे सातारकरीण," शब्द एकेक करत आले, "शाळा... सुटली?"

मी नुसती मान हलवली. जटका पुढे गेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिकंदरने आपणहून पाऊल हळू केलं आणि अण्णांना न हिंदकळवता तो घराकडे वळला.